तोक्तोबेकचा तांब्या

भांड्यावर छिन्नीने नाव घालून देणारा माणूस आता पुण्यात सहज सापडत नाही. बहुतेक ठिकाणी मशीनच असतं. मला कसबा पेठेत, तांबट आळीतल्या एका छोट्या दुकानात असे काका भेटले, म्हणून हे लिहितेय.

माझा मुलगा किर्गिजस्तानात, बिश्केकला एमबीबीएस करतोय. त्याच्या घरमालकीणबाईंना नातू झाला, नाव ठेवलं तोक्तोबेक. बाळासाठी इथून मठारलेला, म्हणजे हातोडीने ठोके देऊन घडवलेला तांब्या पाठवायचं ठरलं. काकांनी चिठ्ठी पाहून 'टोक्टोबेक' वाचलं. मी म्हटलं, त तलवारीतला. "अर्थ काय हो ताई?" त्यांनी विचारलं.

मुलाकडून कळलं होतं ते सांगितलं. किर्गिजमध्ये 'तोक्तो' म्हणजे थांब. 'बेक' हा जुना तुर्की मानाचा शब्द, सरदार अशा अर्थाचा. तिकडे कितीतरी पुरुषांच्या नावाला जोडलेला असतो. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे पुढच्या बाळाला असं नाव देत. थांब रे बाबा, जाऊ नकोस. तुर्सुन हे नावही तसंच, 'राहो' म्हणणारं. तिथल्या 100 सोमच्या नोटेवर ज्यांचं चित्र आहे, त्या लोककवी तोक्तोगुल सातिलगानोव (1864–1933) यांच्या नावातही हाच 'तोक्तो'.

काकांनी छिन्नी खाली ठेवली. "म्हणजे आपला धोंडूच की!"

माझ्या आजोबांचं नाव धोंडो. त्यांच्याआधीची तीन भावंडं गेली होती. आपण मुलाला दगड म्हणतो आणि काळाची नजर चुकवतो. ते लोक थेट बाळालाच विनवतात. मला त्यात जास्त माया वाटली.

गळ्याखालच्या गुळगुळीत पट्टीवर वर देवनागरी, खाली सिरिलिक, म्हणजे रशियनसारखी तिकडची लिपी. सिरिलिकमधला 'ब' सहाच्या इंग्रजी आकड्यासारखा दिसतो. काकांनी तो आधी पत्र्याच्या तुकड्यावर चारदा उठवून पाहिला, मगच तांब्याला हात लावला. टिंबं इतकी एकसारखी की बोट फिरवत राहावंसं वाटतं.

तांब्याचे 1,450 रुपये, नावाचे 150 वेगळे. मंगळवार सांगून शुक्रवारी दिला, माझ्या तीन खेपा झाल्या. हे सुधारायला हवं. गाडी मात्र नेऊ नका, शनिवारवाड्यापासून चालत जा.

शेवटच्या खेपेला आजोबांचा तांब्याही नेला होता. त्यावरचं 'धों' पार झिजलंय. काकांनी ते पुन्हा उठवून दिलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.