दीड रुपया जास्त भाव, आणि आईचं खातं गोठलं

परदेशातल्या मुलाने घरी पाठवलेले पैसे वेळेवर आले, ठरले तेवढे आले, एक रुपयाही कमी नाही, तरीसुद्धा त्यात घर फसलेलं असू शकतं. आमचं फसलं. रत्नागिरी, राजापूर, देवगड, गुहागर इकडच्या ज्या घरांतली मुलं कॅनडात, ऑस्ट्रेलियात, युरोपात नव्याने बस्तान बसवत आहेत, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं आणि मुलांनाही वाचायला लावावं. या फसवणुकीचं एक टोक तिकडे असतं आणि दुसरं आपल्या पासबुकात.

आमचं घर रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या पुढे. हापूसची बाग आहे, सातबारा आईच्या नावावर. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांच्या मागे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. वाशीच्या दलालाकडून आंब्याचे पैसे येतात तेही आईच्याच खात्यात. बागेचं मी बघतो. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं कॅनडात, ओंटारिओ प्रांतात गेली.

तिकडचं पहिलं वर्ष कसं जातं हे गावात कुणाला खरं वाटत नाही. पुण्यात चांगल्या हुद्द्यावर असलेला दादा तिकडे गोदामात रात्रपाळी करत होता, कारण कॅनडातल्या कामाचा अनुभव नाही. घर भाड्याने घेताना पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचं भाडं एकदम भरावं लागलं. क्रेडिट हिस्टरी नाही, म्हणून फोनचं कनेक्शन घेतानासुद्धा डिपॉझिट. मुलांना बर्फातले बूट आणि जाड कोट, तेही मुलं वाढतात म्हणून दर हिवाळ्यात नवे. उन्हाळ्यात आपले सकाळचे सात वाजतात तेव्हा त्यांचे रात्रीचे साडेनऊ. त्याच वेळेला वहिनी दुसऱ्या दिवशीचे डबे भरत असे, आणि इकडून आई फोनवर बघत विचारत असे, आज घावने केलेस का, मुलं खातात का गो. खर्चाचं दोघंही कधी बोलत नसत. पण वहिनी दुकानात किमती बघून अर्ध्या वस्तू परत ठेवते, हे पुतणीने आपल्या आपण सांगितलं होतं.

अशा घरात डॉलरमागे दीड रुपया जास्त मिळणं ही मोठी गोष्ट असते. ठकाला हे पक्कं ठाऊक असतं.

झालं ते असं. पडवीचे वासे वाळवीने पोखरले होते. मिरगाच्या आधी छप्पर उतरवून नवे वासे आणि रिपा घालायच्या होत्या. दादा म्हणाला, माझ्याकडे थोडे साठलेत, मी पाठवतो. त्याच्या गावात नव्याने आलेल्या भारतीयांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे. जुनं फर्निचर, मुलांच्या सायकली, डबे देणाऱ्या बायकांचे फोन, सगळं तिथेच मिळतं, आणि त्यावर त्यांचं खरोखर भागतंही. त्यात एकाने लिहिलं होतं की त्याला कॅनडात डॉलर हवेत आणि भारतात त्याच्या वडिलांच्या खात्यात रुपये पडून आहेत. तुम्ही मला इथे डॉलर द्या, माझे वडील तुमच्या घरी रुपये पाठवतील. तेव्हा बाजारात कॅनेडियन डॉलरला ६१ रुपयांचा भाव चालू होता, तो ६२.५० देत होता, वर कसलीही फी नाही. मराठी बोलायचा, मालवण माहीत असल्यासारखं बोलायचा. बँकेतून पाठवलंत तर तिकडे आईला टॅक्स लागेल, हेही त्यानेच दादाच्या डोक्यात घातलं. ते साफ खोटं आहे. मुलाने आईला दिलेल्या पैशावर आईला आयकर लागत नाही. जवळच्या नात्यातली भेट करमुक्त असते.

आधी २०० डॉलरवर दादाने पारख केली. काही मिनिटांत आईच्या खात्यात १२,५०० रुपये जमा. मग २,८०० डॉलर. तेही पैसे आले, पूर्ण १,७५,००० रुपये, तीन वेगवेगळ्या खात्यांतून. आईने दादाला फोन करून पोचले म्हणून सांगितलं. सुतार लागला, छप्पर झालं.

मे अखेर झाली. बागेतल्या नेपाळी गड्यांचा हिशेब करायचा होता. आमच्या भागात ही माणसं हंगामाच्या आधी येतात, राखण, फवारणी, तोडणी सगळं करतात आणि पावसाच्या तोंडावर हिशेब घेऊन आपल्या मुलुखाला जातात. त्यांची गाडीची तिकिटं काढलेली होती. मी बँकेत गेलो तर पैसे निघेनात. शाखेतल्या माणसाने संगणकात बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, खात्यावर पोलिसांचा होल्ड आहे. दक्षिणेतल्या एका राज्यातल्या पोलीस ठाण्याचं पत्र होतं.

त्या खात्यात आईचं निवृत्तिवेतन होतं आणि अख्ख्या हंगामाच्या आंब्याचे पैसे होते. सगळं अडकलं. त्या रात्री आईने हातातल्या पाटल्या काढून दिल्या, मी त्या पतसंस्थेत ठेवल्या आणि गड्यांचे पैसे भागवले. ज्यांनी आमच्या बागेत महिनोन्महिने घाम गाळला ती माणसं रिकाम्या हाताने जाता कामा नयेत, एवढं एकच आई बोलत होती.

आता या फसवणुकीची आतली बाजू सांगतो. रत्नागिरीच्या सायबर पोलीस ठाण्यात ती आम्हाला नीट समजावून सांगितली. भारतात कुणाला तरी लुबाडलं जातं: फोनवर पोलीस असल्याचं भासवून 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून, शेअरमध्ये दामदुप्पट देतो म्हणून. लुबाडलेले पैसे भाड्याने घेतलेल्या खात्यांत फिरतात. पण ते रुपये आहेत, आणि त्यांच्यावर केव्हाही तक्रार येऊ शकते. चोराला ते लवकरात लवकर दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायचे असतात आणि बदल्यात स्वच्छ पैसा हवा असतो. परदेशातला कष्टाचा डॉलर हा तो स्वच्छ पैसा. म्हणजे दादाने रात्रपाळ्या करून मिळवलेले डॉलर चोराकडे गेले आणि चोरीचे रुपये आईच्या खात्यात आले. 'माझे वडील' असे कुणी नव्हतेच. मग ज्याला लुबाडलं तो १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करतो. पोलीस पैशाचा माग काढत एका खात्यातून दुसऱ्यात जातात. माग आईच्या पासबुकापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो, कारण पुढे पैसे बँकेतून गेलेलेच नसतात, ते साता समुद्रापार बदललेले असतात. शेवटचं नाव उरतं ते आईचं.

आमच्याकडे आलेल्या तीन रकमांपैकी ७५,००० ची एक रक्कम एका निवृत्त गृहस्थांची होती. आईला हे कळलं तेव्हा तिने दोन दिवस धड जेवण केलं नाही. "ज्याचे असतील त्याला जाऊ देत, त्याच्या पैशावर माझं छप्पर नको," एवढंच म्हणत राहिली. तो माणूसही फसला, आम्हीही फसलो, आणि दोघांच्या मधला जो होता तो आमच्या डॉलरवर मजेत आहे.

कायद्याचं एक कलम या घरांना माहीत असायलाच हवं. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे फेमा. त्याच्या कलम ३ प्रमाणे परदेशात राहणाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून किंवा त्याच्या वतीने कुणी आपल्याला भारतात पैसे देत असेल आणि ते अधिकृत मार्गाने बाहेरून आलेले नसतील, तर ते घेणंच बेकायदा आहे. देणारा अगदी सज्जन असला, पैसे अगदी त्याच्या पगाराचे असले, तरीही. दंड त्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो. त्यामुळे 'आमच्या ओळखीचा आहे' किंवा 'आपल्या गावचा आहे' म्हणूनही ही अदलाबदल करू नये. कोकणात मुंबईहून येणाऱ्या माणसाच्या हाती घरी पाकीट द्यायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. ती चांगली सवय होती, त्यावर घरं चालली. पण देशाबाहेरच्या पैशाला ती लावता येत नाही.

खातं सोडवायचा मार्ग लांब आहे, पण आहे. बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, आणि नेमक्या किती रकमेची तक्रार आहे. 'आम्हाला माहीत नाही, पोलिसांना विचारा' एवढं सांगून बँका माणसाला परत पाठवतात. हलू नका, अर्ज देऊन पोच घ्या. आम्ही तपास अधिकाऱ्याला दादाचं गटावरचं सगळं बोलणं, डॉलर पाठवल्याच्या पावत्या, आईचा निवृत्तिवेतनाचा आदेश, सातबारा आणि दलालाच्या पट्ट्या, म्हणजे आंबा विक्रीच्या हिशेबाचे कागद, पाठवल्या. पट्ट्यांचा फार उपयोग झाला. खात्यातला बाकीचा पैसा आंब्याचा आहे हे त्यावरून तारीखवार दिसलं. पोलिसांना मालमत्ता गोठवायचा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ खाली होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. पण वादाची रक्कम ७५,००० असेल तर अख्खं खातं का अडवायचं, हा प्रश्न विचारता येतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये होल्ड तेवढ्याच रकमेपुरता ठेवायला सांगितलं होतं, हे आमच्या वकिलांनी अर्जात घातलं. गणपतीच्या आधी बाकीचे पैसे मोकळे झाले. पाटल्याही सुटल्या.

मधल्या काळात आणखी एक फोन आला होता. बोलणारा स्वतःला वकील म्हणवत होता, त्याला आईचं नाव, बँक आणि अडकलेली रक्कम माहीत होती. ४०,००० भरा, चार दिवसांत खातं खुलं करतो, म्हणाला. ही माहिती त्याच्याकडे कुठून गेली ते कळलं नाही. ज्यांचं खातं गोठलेलं असेल त्यांनी अशा माणसांपासून विशेष सावध राहावं. अडचणीतला माणूस दुसऱ्यांदा पैसे देतो, हे यांना माहीत असतं. होल्ड उठवण्याची सरकारी फी नाही. तो पोलीस उठवतात किंवा न्यायालय उठवतं.

दादाच्या बाजूलाही त्रास कमी झाला नाही. तिकडे इंटरॅक ई-ट्रान्सफरने, म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात लगेच पैसे पाठवायच्या तिथल्या सोयीने, पाठवलेले पैसे एकदा समोरच्याच्या खात्यात जमा झाले की परत घेता येत नाहीत. तुम्हीच पाठवलेत, असं बँक म्हणते. तक्रार त्याने तिथल्या पोलिसांत आणि कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरला केली. पैसे पाठवताना पडद्यावर घेणाऱ्याचं नाव दिसलं होतं, ते गटावर बोलणाऱ्याचं नव्हतं. माझ्या बायकोचं खातं आहे, असं त्याने सांगितलं होतं. आणि इकडे पासबुकात 'वडिलांच्या' जागी तीन अनोळखी नावं, त्यातलं एक ट्रेडर्स म्हणून. नाव जुळत नसेल तर कितीही गोड कारण दिलं तरी तिथेच थांबायला हवं, आणि आलेले पैसे न वापरता लगेच बँकेला लेखी कळवायला हवं. ते आपल्या आपण कुणाला परत पाठवायला जाऊ नका, त्याने माग आणखी गुंततो.

आता दादा नोंदणी असलेल्या कंपनीमार्फत पाठवतो. कॅनडात पैसे पाठवण्याचा धंदा करणाऱ्याला फिनट्रॅक या सरकारी यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते, आणि त्या नोंदणीची यादी तिच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. भाव थोडा कमी पडतो. पण पैसे कुणी पाठवले आणि कुठून आले याचा कागद राहतो.

७५,००० अजून खात्यात अडकलेले आहेत. न्यायालयाच्या आदेशाने ते त्या गृहस्थांना मिळावेत असं आईने लिहून दिलं आहे. दादाने गटावर सगळी हकिगत टाकली तेव्हा दोन घरांनी कळवलं की त्यांचीही खाती अशीच गोठली आहेत, लाजेने बोललो नव्हतो. त्या माणसाला गटातून काढलं. महिन्याभरात दुसऱ्या नावाने, दुसऱ्या एका गटावर तेच वाक्य पुन्हा दिसलं: माझ्या वडिलांच्या खात्यात रुपये पडून आहेत, मला इथे डॉलर हवेत, भाव बँकेपेक्षा जास्त.