वेढणी, पाटल्या की चांदीची वीट? सोलापूरच्या सराफ बाजारातल्या मालाची महागाईच्या काट्यावर तपासणी

पेढीची पायरी चढल्यावर आजचा भाव विचारायची गरज नसते, तो फलकावर लिहिलेला असतोच. विचारायचं ते एवढंच: "हीच वस्तू उद्या सकाळी परत आणली तर हातात किती द्याल?" याचं उत्तर रुपयांत देणारी पेढी चांगली. "आपल्याकडचंच आहे ताई, बघू की तेव्हा" असं उत्तर आलं तर पुढची पेढी गाठावी. पूर्व मंगळवार पेठेत पेढ्यांना तोटा नाही.

दागिना हौसेसाठी घेत असाल तर हा मजकूर तुमच्यासाठी नाही. महागाईपासून बचाव म्हणून घेत असाल, तर खरेदीच्या आणि मोडीच्या भावात किती अंतर पडतं यावरच त्या वस्तूची लायकी ठरते. इथे सगळ्या वस्तू त्याच एका मापाने तोलल्या आहेत. हिशेब सोपा जावा म्हणून २४ कॅरेटचा भाव तोळ्याला १,००,००० रुपये धरला आहे. फलकावरचा आकडा वेगळा असला तरी टक्केवारी तीच राहते. तोळा म्हणजे १० ग्रॅम, ११.६६ ग्रॅमचा जुना तोळा आता घरातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यातच उरलाय.

आधी पाटल्या-बांगड्या, कारण "गुंतवणूक" म्हणून सगळ्यात जास्त खपतात त्या याच. एक तोळा, २२ कॅरेट. सोन्याची किंमत ९१,६०० रुपये. घडणावळ १२ टक्के धरू, म्हणजे १०,९९२. नक्षी वाढली की हा आकडा सहज चढतो. एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी, शिवाय हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये आणि त्यावरचा कर. बिल होतं साधारण १,०५,७२० रुपयांचं. हीच बांगडी दुसऱ्या दिवशी मोडीत घातली तर घडणावळ गेली, जीएसटी गेला, वर २ टक्के घट धरली तर हातात ८९,७६८. एका रात्रीत सोळा हजारांचा खड्डा.

तो भरायला सोन्याचा भाव जवळपास १८ टक्के वर जावा लागतो. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट ४ टक्क्यांचं आहे. सोनं त्याच चालीने वाढलं तर नुसतं मुद्दल परत यायला चार वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर शेंगदाणेही तेवढेच महागलेले असतात. म्हणजे सोनं महागाईच्या बरोबरीनेच चाललं तर तो खड्डा कधीच भरत नाही. घातलेल्या रुपयातले पंच्याऐंशी पैसेच महागाईशी झुंजतात, पंधरा पैसे दुकानातच राहतात. बचावाच्या हिशेबाने पाटल्यांना पाचपैकी दीड.

मोडीच्या टेबलावर काय होतं तेही नीट पाहावं, कारण घोळ बहुतेक तिथेच होतो. आधी वस्तू काट्यावर जाते. डोक्यावरचा पंखा चालू असेल तर बंद करायला सांगावं, काट्याची काच मिटलेली हवी आणि वस्तू ठेवण्याआधी आकडा शून्यावर स्थिर हवा. काट्यावर वजनमापे खात्याचा चालू मुदतीचा शिक्का असतो, तो बघायला लाजू नये. टॅग, दोरा, काळे मणी, खडे आधी काढून निव्वळ वजन लिहून घ्यावं. मग वस्तू कॅरेट मोजायच्या यंत्रात ठेवतात. हे यंत्र क्ष-किरणांनी वरचे काही मायक्रॉनच वाचतं. वर जाड मुलामा असेल तर ते फसतं आणि झाळलेल्या, म्हणजे डाग देऊन जोडलेल्या, जागी ठेवलं तर टंच, म्हणजे शुद्धता, कमी दाखवतं. म्हणून एकाच जागचा आकडा धरू नये. तीन जागी लावायला सांगावं. ठुशीसारख्या पोकळ मण्यांच्या दागिन्यात आत लाख असली तर वितळवल्यावर वजन उतरतं, आणि त्यात सराफाची लबाडी असतेच असं नाही. जुन्या दागिन्यांत झाळ भरपूर असते, त्यामुळे बावीस कॅरेट म्हणून घेतलेला दागिना वितळवल्यावर त्याहून खाली भरतो. "घट किती टक्के, आणि ती वितळवण्याआधी धरणार की नंतर?" हे आधी ठरवून घ्यावं. दोन्हीकडे घट कापून घेणारेही आहेत.

हॉलमार्कची सक्ती १६ जून २०२१ पासून पहिल्या २५६ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होता. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक नगाच्या सहा अक्षर-अंकांच्या ओळख क्रमांकाशिवाय, दागिना विकता येत नाही. नगावर तीन खुणा शोधाव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ असा शुद्धतेचा आकडा (हजारात ९१६ भाग सोनं) आणि एचयूआयडी. दुकानातल्या भिंगातून नंबर वाचून तिथेच बीआयएस केअर ॲपमध्ये टाकावा. दागिन्याचा प्रकार जुळला नाही, म्हणजे हातात कानातलं आणि पडद्यावर अंगठी, तर नग परत. शंका उरली तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ग्राहक स्वतः वस्तू नेऊ शकतो, चार नगांपर्यंत २०० रुपये लागतात. हॉलमार्क असून शुद्धता कमी निघाली तर नियमाप्रमाणे फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा असतो. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला मात्र ही सक्ती नाही, आणि गुरुपुष्याला "थोडं तरी घेऊ" म्हणून घेतला जाणारा एक ग्रॅमचा नग नेमका त्यातच मोडतो. घरातलं जुनं, बिनहॉलमार्कचं सोनं मोडायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. सक्ती विकणाऱ्या सराफावर आहे.

आता वेढणी. चोवीस कॅरेटची तार गोल वळवून केलेला बिननक्षीचा वेढा, यात मिरवण्यासारखं काही नाही आणि हाच तिचा गुण. तोळ्याला मजुरी पाचशे धरली तरी जीएसटीसकट बिल १,०३,५१५ होतं. परत देताना १ टक्का कापला तर ९९,००० मिळतात. अंतर साडेचार टक्क्यांच्या आत, आणि त्यातले तीन टक्के सरकारचे. तार असल्यामुळे टंच तपासणं सोपं: कापून आतलं सोनंही बघता येतं. बिस्किटाच्या पोटात टंगस्टन भरलं तर वजन आणि आकारमान दोन्ही जवळपास जुळतात, कारण त्याची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३२. तारेत ही चलाखी अवघड. खोट एवढीच की "चोवीस कॅरेट" म्हणून ९९५ टंचाचा भाव लावला की ९९९ चा, हे बिलावर बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. लिहून घ्यावं. वेढणीला पाचपैकी चार.

पाकिटबंद नाण्याचा हिशेब वेढणीसारखाच, फक्त पॅकिंगपायी थोडं जास्त मोजावं लागतं. पाकीट फोडू नये, कार्डावरचा नंबर आणि नाण्यावरचा नंबर जुळवून बघावा. बँकेत मिळणारं नाणं दिसायला भरवशाचं, पण बँका ते परत घेत नाहीत. विकायला शेवटी सराफाकडेच यावं लागतं आणि मग तो त्याला मोडीचाच भाव लावतो. त्यामुळे बँकेने वर घेतलेली जादा रक्कम पाण्यात. पाचपैकी तीन.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, जी काउंटरवर कोणी सांगत नाही. सोनं महागाईला पुरून उरतं ते लांब पल्ल्यावर, दरवर्षी नव्हे. २०१२ च्या अखेरीस तोळा ३१ हजारांच्या आसपास होता, २०१५ मध्ये तो २६ हजारांच्या घरात उतरला आणि २०१८ मध्ये पुन्हा ३१ हजारांवर आला. त्या सहा वर्षांत किराणा काही थांबला नव्हता. जागतिक बाजारात जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरचा जो उच्चांक झाला तो मोडायला २००८ उजाडावं लागलं. आपल्याला इतकं सोसावं लागलं नाही, कारण रुपया घसरत गेला की डॉलरचा भाव जागेवर असला तरी इथला भाव चढतो. उलटही होतं: जुलै २०२४ मध्ये आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि फलकावरचा आकडा लगोलग खाली बसला. तीन वर्षांत लेकीच्या लग्नासाठी लागणारा पैसा आणि पंधरा वर्षांनी लागणारा पैसा, दोन्ही एकाच वेढणीत घालू नयेत.

चांदीची वीट घेणाऱ्याने तर हे दुप्पट लक्षात ठेवावं. एप्रिल २०११ मध्ये चांदी किलोला ७० हजारांपुढे गेली आणि २०१५ च्या अखेरीस ३५ हजारांच्या आसपास आली. चांदीचा मोठा वापर कारखान्यांत होतो, सौर पॅनेलपासून विजेच्या जोडण्यांपर्यंत, त्यामुळे मंदी आली की ती सोन्याआधी पडते. जीएसटी तोच ३ टक्के, पण परत घेतानाची कपात सोन्यापेक्षा मोठी असते. विटेवर ९९९ चा ठसा, वजन आणि नंबर हवा. एक किलोची वीट साधारण ९५ घन सेंटिमीटरची, मोबाइलपेक्षा जाड एवढंच. पण लाखभराच्या सोन्याशेजारी लाखभराची चांदी ठेवली की कपाटातली जागा कळते. वीट काळी पडली तर घाबरू नये, तो गंधकाचा थर आहे. पावडरने घासून चकाकी आणू नये, घासताना चांदीही जाते.

पैंजण, ताट-वाटी, निरांजन, लिंगायत घरांतली लिंगाची डबी या वस्तू बचावाच्या हिशेबात धरूच नयेत. पैंजणात टंच ६० पासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही असतो, विकताना मात्र नगाचा भाव सांगतात. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही एचयूआयडी आला आहे, पण तो ऐच्छिक, म्हणून मागितल्याशिवाय मिळणार नाही. विटेला अडीच, पैंजणाला शून्य; पायात छान वाजतात ते वेगळं.

सुवर्णभिशीबद्दल प्रेमाने बोलणारे बरेच भेटतात. अकरा हप्ते तुमचे, बारावा सराफाचा. महिना ५,००० धरले तर ५५,००० भरून ६०,००० ची खरेदी. पण बहुतेक योजनांत दागिनाच घ्यावा लागतो. वेढणी, नाणं चालत नाही. १२ टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी वजा केला की ६०,००० मध्ये सोनं येतं ५२,००० चं. म्हणजे फुकटचा हप्ता घेऊनही भरल्यापेक्षा तीन हजारांनी कमी. त्याहून मोठी मेख म्हणजे हप्ते रुपयांत जमा होत असतील तर त्या अकरा महिन्यांत चढलेला भाव तुमच्या अंगावर. हप्त्याच्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा करणारी भिशी असेल तरच विचार करावा. योजना अकरा महिन्यांचीच का, तर कंपनीने घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या रूपात फेडली नाही तर ती ठेव ठरते आणि ठेवीचे कडक नियम लागतात. दोन-तीन वर्षांची "भिशी" सांगणाऱ्या पेढीपासून म्हणूनच चार हात दूर.

बाजारात न जाता घ्यायचं तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे सोन्यात पैसे घालणाऱ्या फंडाचे शेअर बाजारात मिळणारे युनिट. डीमॅट खातं लागतं, घडणावळ नाही, युनिट घेताना ३ टक्के जीएसटी नाही, वर्षाला एक टक्क्याच्या आत खर्च. नुसत्या महागाईच्या हिशेबाने हे वेढणीपेक्षाही सरस. चांदीच्या ईटीएफमध्ये मात्र खरेदीआधी युनिटचा बाजारभाव आणि आतल्या चांदीची किंमत ताडून बघावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीची टंचाई झाली तेव्हा हे युनिट बरेच चढ्या भावाने विकले जात होते आणि काही फंडांनी त्यांच्या चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. सरकारी सुवर्णरोखे सगळ्यात चांगले होते, वर अडीच टक्के व्याज. नोव्हेंबर २०१५ चा ग्रॅमला २,६८४ रुपयांचा पहिला रोखा २०२३ मध्ये ६,१३२ ला फेडला गेला. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवी विक्री झालेली नाही. मोबाइलवरच्या डिजिटल सोन्यावर सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेची, देखरेख नाही, तसा इशारा तिने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलाय. सोडून द्यावं.

घरी आणल्यावरचं थोडं. बँकेचं लॉकर म्हणजे विमा नव्हे: आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडं २,००० असेल तर भरपाई जास्तीत जास्त दोन लाख, आत कितीही असो. अडीअडचणीला तारण ठेवायचं असेल तर बिस्कीट आणि वीट बँक घेत नाही, दागिना चालतो. एवढ्या एका बाबतीत पाटल्या पुढे. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो आणि रोखीत दोन लाख किंवा जास्त सराफाने घ्यायचे नाहीत. विकताना २४ महिने उलटून गेले असतील तर नफ्यावर १२.५ टक्के कर, आधी विकलं तर आपल्या आयकराच्या टप्प्याप्रमाणे. आणि घेतल्याची तारीख दाखवायला बिल लागतं. हल्ली बरीच बिलं थर्मल कागदावर येतात, सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांत ती कोरी होतात. त्याच दिवशी नवी पेठेत दोन रुपये देऊन झेरॉक्स काढावी.