बूटस्ट्रॅपचा नॅवबार: सिंधुदुर्गातल्या चार होमस्टेंच्या वेबसाइटवर दहा महिने

गेल्या दिवाळीच्या तोंडावर देवबागच्या एका होमस्टेची वेबसाइट हातात घेतली, तेव्हा वरची मेनूची पट्टी स्वतः लिहायची की आयती घ्यायची यावर फार डोकं चालवायला वेळच नव्हता. सुट्ट्या आल्या होत्या आणि होमस्टे चालवणाऱ्या काकूंना बुकिंग हवं होतं. बूटस्ट्रॅप म्हणजे वेबसाइटचे तयार तुकडे देणारा संच; त्याच्या ५.३ आवृत्तीचा नॅवबार, म्हणजे आयती मेनूपट्टी, उचलला, संध्याकाळपर्यंत पट्टी उभी. नंतर त्याच नमुन्यावर मालवण, वेंगुर्ला आणि कुडाळच्या तीन साइट केल्या. फुकट आहे, एमआयटी परवान्याचा आहे (म्हणजे कोणीही वापरावा, बदलावा) आणि मागचे दहा महिने रोज कुठे ना कुठे उघडला जातोय. त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

पहिली संध्याकाळ मात्र मी स्वतःच्या हाताने वाया घालवली. कुठल्यातरी जुन्या धड्यातून कोड चिकटवला आणि फोनवर तीन रेघांचं बटण दाबलं की काहीच होईना. धडा चौथ्या आवृत्तीचा होता. पाचवी आली २०२१ च्या मे महिन्यात. तिने जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी सोडली आणि बटणाला काय उघडायचं ते सांगणाऱ्या डेटा-टॉगल या खुणेचं नाव डेटा-बीएस-टॉगल केलं. ‘बीएस’ ही दोन अक्षरं नाहीत म्हणून बटण मुकं. शिवाय उजवीकडे ढकलणाऱ्या एमएल-ऑटो या वर्गाचं (क्लासचं) नाव आता एमएस-ऑटो झालंय, त्यामुळे बुकिंगचं बटणही डावीकडेच चिकटून बसलेलं. तुम्हीही कॉपी करणार असाल तर आधी आवृत्ती बघा.

खरी मजा मराठी शब्दांनी केली. उदाहरणातल्या ‘होम, फीचर्स, प्रायसिंग’च्या जागी मी ‘खोल्या व दर’, ‘जेवण’, ‘समुद्रातले खेळ’, ‘सिंधुदुर्ग दर्शन’, ‘कसे याल’ आणि ‘बुकिंग’ टाकलं. पट्टी ९९२ पिक्सेलपासून आडवी पसरते, कारण मी पट्टी कधी पसरायची ते ठरवणारा एक्स्पांड-एलजी हा वर्ग लावला होता. पण त्या रुंदीला कंटेनर, म्हणजे मजकूर धरणारी चौकट, फक्त ९६० पिक्सेलचा असतो. लॅपटॉपवर सगळं झकास, टॅबलेट आडवा धरला की ‘सिंधुदुर्ग दर्शन’ दुसऱ्या ओळीत. एक्स्पांड-एक्सएल केलं, म्हणजे पट्टी १२०० च्या पुढेच पसरणार, आणि भांडण मिटलं. त्याआधी पट्टी बारीक दिसावी म्हणून मी तिची उंची बांधून टाकली होती आणि बाहेर जाईल ते छाटायला सांगितलं होतं. ‘दुर्ग’चा रफार गेलाच, वर ‘सिंधुदुर्ग दर्शन’वर टिचकी मारली की खाली उतरणारी यादीही पट्टीच्या आतच गिळली गेली. अर्धा तास मी जावास्क्रिप्टमध्ये दोष शोधत होतो. दोष माझ्या एका ओळीत होता.

आता तीन रेघा. आम्हा संगणकवाल्यांना त्या दिसल्या की बोट आपोआप जातं. काकूंनी पहिल्यांदा साइट फोनवर उघडली आणि विचारलं, “अरे, माका जेवणाचा काय दिसणा नाय. पान खंय गेला?” मी म्हटलं, काकू, त्या रेघांवर दाबा. त्यांना ती रांगोळी वाटली होती. त्यात ते चिन्ह मुळातच अर्धवट पारदर्शक. किनाऱ्यावर दुपारच्या उन्हात फोन धरलेल्या पाहुण्याला ते दिसणारच नाही. रंग गडद केला आणि रेघांशेजारी ‘मेनू’ असा शब्द लिहिला.

तिथेच फसलो. आठवड्याभरात काकूंचा फोन. पाहुणे तक्रार करतायत की मेनू उघडला तर त्यात सुरमईचा भाव नाही, सोलकढी नाही, नुसतं ‘कसे याल’! होमस्टेच्या वेबसाइटवर ‘मेनू’ म्हणजे जेवणाचा मेनू, हे मला आधी सुचायला हवं होतं. मग ‘यादी’ लिहून पाहिलं, तर काकू म्हणाल्या, किराणाची वाटते. शेवटी ‘इथे पाहा’ ठेवलंय, आणि ‘जेवण’ हा दुवा रेघांत न लपवता पट्टीवरच बाहेर काढलाय. तेव्हापासून या विषयावर फोन नाही. जाता जाता: बटणाला दिलेलं, अंधांना पान वाचून दाखवणाऱ्या वाचनयंत्रासाठीचं (स्क्रीन रीडरसाठीचं) नाव नमुन्यात इंग्रजीत असतं, तेही मराठीत केलं.

एकाच पानावर खाली उड्या मारणारे दुवे असतील तर दोन गोष्टींना तयार राहा. दुवा दाबला तरी फोनवरची उघडलेली यादी आपोआप मिटत नाही, ती मिटवायला चार ओळी लिहाव्या लागतात. आणि पट्टी वर चिकटती ठेवली तर ती मथळ्यावर बसते. उडी मारताना वर तेवढी जागा सोडणारं स्क्रोल-पॅडिंग-टॉप दिलं की बरं.

जूनमध्ये समुद्रातले खेळ बंद. दुव्याला डिसेबल्ड वर्ग लावला, तो करडा झाला, बोटाने दाबता येईना. कीबोर्डने मात्र अजूनही तिथे जाता येत होतं, त्यासाठी टॅबइंडेक्स उणे एक (टॅब कळीने तिथे थांबू नये म्हणून) आणि अरिया-डिसेबल्ड (वाचनयंत्राला दुवा बंद असल्याचं कळावं म्हणून) वेगळं द्यावं लागलं. इतकं करून लोक फोन करून विचारतच राहिले. करड्या अक्षरांना कारण लागतं. ‘पावसाळ्यात बंद’ एवढं शेजारी लिहिल्यावर फोन कमी झाले.

वजनाबद्दल माझी खरी कुरकुर. बूटस्ट्रॅपची पूर्ण सीएसएस फाइल, म्हणजे पानाचं रूप ठरवणारी, सुमारे २३० केबी, दाबून पाठवली तर तीसेक केबी. शहरात कोणाला कळतही नाही. देवबागच्या टोकाला, जिथे एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, तिथे माझ्या फोनची रेंज एका दांडीवर उतरते आणि पान पांढरं राहतं. मी नंतर सास, म्हणजे सीएसएस तुकड्यांतून जोडून बनवायचं साधन, वापरून फक्त ग्रिड (पानाची रकान्यांची मांडणी), बटणं, नॅवबार आणि त्याला लागणारे तुकडे घेतले, तेव्हा फरक जाणवला. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं, पण पहिल्या दिवशी काकूंना बुकिंग हवं होतं.

पाचवं काम आलंय दापोलीहून, आंब्याच्या पेट्यांचं. त्यांना तीनच दुवे हवेत: आंबा, दर, फोन. तिथे नॅवबार लावणार नाही, तीन शब्द एका ओळीत मावतात.