अकरावीत एपी घ्यावं की ड्युअल एनरोलमेंट?

अमेरिकेत दहावीतल्या मुलांकडे हिवाळा संपता संपता पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म येतो, आणि आपल्या मराठी घरांत लगेच हिशोब सुरू होतो, "एपी किती घ्यायचे?" त्याआधी एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा विषय) की ड्युअल एनरोलमेंट (हायस्कूलमध्ये असतानाच केलेला कम्युनिटी कॉलेजचा कोर्स), हे ठरवून घ्या.

एपीची सगळी भिस्त मे महिन्यातल्या एका पेपरवर. जुलैत 1 ते 5 मधला स्कोअर हाती येतो. पेपर बिघडला तर बहुतेक कॉलेजांच्या अर्जात तो सांगितलाच पाहिजे असं नसतं. अकरावीतच घ्यायचं कारणही साधं: बारावीच्या पेपरांचा निकाल येईपर्यंत ॲडमिशन उरकलेली असते.

ड्युअल एनरोलमेंटमध्ये अशी पळवाट नाही. एपी कॅल्क्युलस एबीला शाळेत वर्ष देतात, जवळपास तेवढाच भाग कॉलेज एका सेमिस्टरमध्ये संपवतं, आणि ग्रेड कायमची कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रिकेवर) बसते. मुलीला डॉक्टर व्हायचं असेल तर जरा थांबा. मेडिकल स्कूलच्या अर्जात हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेजचे कोर्सही दाखवावे लागतात, म्हणजे सोळाव्या वर्षी केमिस्ट्रीत मिळालेला सी तिथेही मोजला जातो. शिवाय रोज रात्री पोर्टल उघडून मार्क बघायची सवय सोडावी लागते. कॉलेजच्या नोंदींवर कायद्याने हक्क विद्यार्थ्याचा, मग वय काही का असेना. असाइनमेंट राहिली तर प्रोफेसरना ईमेल मुलीनेच करायचा. (मला तर हाच या वाटेचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो.)

खर्च म्हणाल तर एपीच्या एका पेपरला साधारण 100 डॉलर. फ्लोरिडात पब्लिक स्कूलच्या मुलांना ड्युअल एनरोलमेंटची ट्यूशन लागत नाही, बाकी राज्यागणिक नियम वेगळे.

क्रेडिटचं, म्हणजे आधीच केलेला विषय पुढे डिग्रीत धरण्याचं, गणित मात्र कॉलेजवर. टेक्सास किंवा फ्लोरिडात राहून तिथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत जायचं असेल, तर ड्युअल एनरोलमेंट खुशाल घ्या. खासगी किंवा दुसऱ्या राज्यातलं कॉलेज डोक्यात असेल तर मी एपीकडे झुकेन, कारण हायस्कूलसाठी एकदा मोजलेला कोर्स बरीच खासगी कॉलेजं पुन्हा धरत नाहीत. एपीचंही सगळीकडे चालतं असं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया 3 च्या स्कोअरवरही क्रेडिट देते, तर डार्टमथ या खासगी कॉलेजने 2014 मध्ये प्रवेश घेतलेल्या बॅचपासून ते बंदच केलं.

आणि शाळेत तो एपी शिकवतं कोण, हे वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून घ्या. शिक्षक यथातथाच असतील तर मी तो विषय कॉलेजातच घ्यायला सांगेन.