रवंथ, गुळणी की उलटी? 'रिगर्जिटेशन'ला मराठीत कोणता शब्द घ्यावा

आरोग्याचं किंवा जनावरांचं पत्रक मराठीत करायला घेतलं की 'रिगर्जिटेशन', म्हणजे आत गेलेलं उलट मागं येणं, हा इंग्रजी शब्द हमखास आडवा येतो. लातूर भागासाठी तान्ह्या बाळांचं पत्रक करताना मी सरळ 'उलटी' लिहून मोकळी झाले. ते वाचून एक बाळंतीण रात्रीच पोराला घेऊन दवाखान्यात धावली. पिऊन झाल्यावर बाळाच्या ओठाच्या कडेनं घोटभर दूध आलं होतं, एवढंच. आपल्याकडं त्याला 'गुळणी' म्हणतात. शब्द मला ठाऊक होता आणि मी तो वापरला नाही, हे अजून सलतं.

फरक आहे जोराचा. उलटीत मळमळतं, पोट आवळतं, अंग ढवळून निघतं. गुळणी आपसूक वर येते. मूळ शब्दातही ओकारी नाही: लॅटिनमध्ये 'गुर्गेस' म्हणजे पाण्याचा भोवरा आणि 'रे' म्हणजे मागं. पाणी उलट फिरावं, तसा भाव. म्हणून बाळासाठी गुळणी, मोठ्यांसाठी 'घशाशी येणं'. बाळ दूध लांब फेकत असेल किंवा हिरवं काढत असेल तर मात्र उलटीच लिहा, आणि लगेच डॉक्टरांना दाखवा हेही.

जनावरांसाठी 'रवंथ', संस्कृत 'रोमन्थ'चं आपलं रूप. संध्याकाळी लिंबाखाली बसलेली देवणी गाय बघा. गळ्यातून गोळा वर सरकतो, गालात येतो, जबडा आडवा फिरू लागतो. गिळला की गाय क्षणभर थांबते, मग दुसरा. गाय आजारी वाटली की "रवंथ करते का?" हेच आधी विचारतात, त्यामुळे शब्द समजावावा लागत नाही. अडचण एकच: रवंथात चावणं आणि पुन्हा गिळणंही आलं, इंग्रजी शब्दात नुसतं वर येणं. तेवढंच सांगायचं तर 'घास वर आणणं' लिहा.

हृदयाच्या रिपोर्टात यातलं काहीच चालत नाही. तिथं 'झडपेतून रक्त मागं फिरणं' लिहावं. पेशंट 'व्हॉल्व्ह लीक' म्हणतात, तेही कंसात द्यावं.

राहिला अभ्यास, तिथंही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. बरेच जण 'घोकंपट्टी' लिहितात, पण ते आत भरणं झालं. न समजता पाठ केलेलं जसंच्या तसं बाहेर काढणं म्हणजे पेपरात 'ओकणं'. पोरं तसंच बोलतात, आणि इथं तो शब्द मला पटतो.