नौपाड्यातल्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात भेटलेली खान ली

ठाण्यात गोखले रस्त्याच्या एका गल्लीतील जुन्या तबकड्यांच्या दुकानातून मी व्हिएतनामी गायिका खान ली यांच्या गीतांची सीडी दीडशे रुपयांना घेतली. हनोईत 1945 साली जन्मलेल्या या गायिकेची 1964 मध्ये दालात येथे गीतकार त्रिन कोंग सन यांच्याशी भेट झाली आणि पुढे युद्धकाळात, सायगॉनमध्ये विद्यार्थ्यांसमोर अनवाणी उभे राहून त्यांची गीते गाणारी गायिका म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. 1975 मध्ये त्यांनी देश सोडून अमेरिका गाठली. हनोईच्या रंगमंचावर त्या पुन्हा गायल्या त्या थेट 2014 साली.

त्यांचा खर्जाकडे झुकणारा, किंचित घोगरा आवाज केवळ गिटारच्या साथीवर इतका जवळून ऐकू येतो, की शब्द न कळताही ओळीच्या शेवटी घेतलेला श्वास कानात राहतो. (आमच्या आईने स्वयंपाकघरातून ‘ही बाई रडते आहे का?’ असे विचारले.) दुकानाविषयी तक्रार एवढीच, की वेष्टनातील माहितीपत्रिका गहाळ होती आणि चौथे गीत ओरखड्यामुळे दोनदा अडखळते, मालकांनी मात्र सीडी बदलून देण्यास नकार दिला. विकत घेण्यापूर्वी तबकडी उजेडात धरून पाहावी.