जुन्या पीसीवर लिनक्स मिंट: आठ महिने रोज वापरल्यावर

मागच्या दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबर २०२४ मध्ये, घरच्या जुन्या पीसीवर लिनक्स मिंट २२, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. आता जुलै २०२५ चालू आहे, तेव्हापासून रोजचे चार-पाच तास त्याच मशीनवर काम करते म्हणून लिहायला बसले. पीसी २०१४ चा, नागपूरच्या बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) असेंबल करून आणलेला, चौथ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क आणि एक जुनं ग्राफिक कार्ड. माझ्या ट्यूशनचे पेपर, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची सोसायटीची पत्रं, सगळं यावरच चालतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं अन् इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणजे आमचा पीसी त्यात बसतच नाही. मशीन धडधाकट चालू असताना भंगारात द्यायचं मनाला पटेना.

मिंट मला मनापासून आवडलं हे आधीच सांगते. पण पहिले दोन आठवडे खूप खपावं लागलं, आणि आता विचार केला तर त्यातला अर्ध्याहून जास्त त्रास मिंटचा नव्हताच, विंडोज पण ठेवायचं अन् मिंट पण ठेवायचं या हट्टाचा होता. नवीन माणसाने हे वाचावं म्हणून सगळं तपशिलात लिहितेय.

२४० जीबीचा एसएसडी वेगळा घेतला आणि मिंट त्यावर टाकायचं ठरवलं, विंडोज हार्डडिस्कवर जसं आहे तसं. भाचा इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आला होता, त्याने मिंट टाकायचा पेनड्राइव्ह बनवून दिला. पेनड्राइव्ह लावून चालू केलं तर मिंटचा लोगो आला आणि मग स्क्रीन काळी, काहीच नाही. हे जुन्या ग्राफिक कार्डामुळे. सुरुवातीच्या मेन्यूत कम्पॅटिबिलिटी मोड असा पर्याय असतो, तो घेतल्यावर डेस्कटॉप आला आणि वीसेक मिनिटांत इन्स्टॉल झालं. रीस्टार्ट केल्यावर पुन्हा काळी स्क्रीन! मग ग्रबच्या मेन्यूत (पीसी चालू होताना कोणती सिस्टिम सुरू करायची ते निवडायची यादी) ई दाबायचं, क्वाएट स्प्लॅश हे दोन शब्द खोडून तिथे नोमोडसेट लिहायचं, एफ१० दाबायचं. एवढं एकदा केलं की आत जाता येतं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून कार्डाचा ड्रायव्हर टाकता येतो, आमच्या कार्डाला ४७० नंबरचा लागला. त्यानंतर आजपर्यंत स्क्रीन काळी झाली नाही.

पण आता विंडोज दिसेना. ग्रबच्या यादीत फक्त मिंट. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण दहा वर्षांचे फोटो त्या डिस्कवर. डेटा जागेवरच होता, कारण वेगळंच निघालं. बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाला यूईएफआय (पीसी सुरू करायची नवी पद्धत) लावून. मी यूईएफआयवाला निवडला होता आणि आमचं विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं. दोन सिस्टिमी दोन पद्धतीच्या असल्या की एकीच्या मेन्यूत दुसरी येत नाही. मिंट पुन्हा टाकलं, यावेळी पेनड्राइव्हचं नुसतं नाव निवडून, आणि यादीत विंडोज आलं. म्हणून टाकायच्या आधीच विंडोजमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडून बायोस मोडसमोर लेगसी लिहिलंय की यूईएफआय ते पाहून घ्या, माझा अख्खा रविवार यात गेला.

नंतर घड्याळाची भानगड. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलं की वेळ चुकलेली. संध्याकाळचे सहा वाजले असायचे आणि पडद्यावर दुपारचे साडेबारा. मला वाटलं मदरबोर्डचा सेल गेला, दहा वर्षं झालीत, जाणारच. सीआर२०३२ सेल आणून कॅबिनेट उघडून बदलला, तरी तेच. मग वहीत दोन-तीन दिवस वेळा लिहून ठेवल्या, तर दर वेळी फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. सेल गेला असता तर घड्याळ कसंही भरकटलं असतं, दर वेळी एवढंच मागे कशाला गेलं असतं? मी मुलांना भूगोल शिकवते, ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखावृत्त, मिर्झापूर, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, हे तर माझं पाठ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं अन् विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, दोघांचा हिशोब वेगळा. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ दिलं आणि दोघांची वेळ जुळली. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही, कारण हे माझं मीच शोधलं.

मिंटमधून विंडोजची डिस्क उघडायची, फोटो दिसायचे, पण नवीन फाइल टाकू देत नव्हतं. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन केल्यावरही ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, म्हणून मिंट त्या डिस्कवर लिहायला हात लावत नाही. फास्ट स्टार्टअप बंद केलं, झालं.

वायफायचं डोंगल मिंटला दिसतच नव्हतं, डेस्कटॉपवर नुसता सीडीचा आयकॉन यायचा. डोंगलच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो आणि ते आधी स्वतःला सीडी म्हणून दाखवतं. आयकॉनवर राइट क्लिक करून इजेक्ट केलं की ते वायफाय म्हणून उठतं. रोजचं इजेक्ट करणं नंतर भाच्याने एक ओळ टाकून आपोआप केलं. तोपर्यंत मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंगवर नेट घेतलं, ते पहिल्या मिनिटापासून चाललं, तेव्हा इन्स्टॉल करताना केबल जवळ ठेवाच.

भाचा जाताना म्हणाला होता, "मावशी, एका वेळी एकच गोष्ट बदल, अन् काय बदललं ते वहीत लिही." ती वही पुढे मे महिन्यात कामी आली. दुपारी जोराचं वादळ सुटलं, अपडेट चालू होतं, त्यात नवीन कर्नलही (सिस्टिमचा गाभा) होता, आणि लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच बसली होती, मी आज-उद्या करत राहिले. लाइट आल्यावर चालू केलं तर मिंटच्या लोगोवर अडकलेलं. दुसऱ्या दिवशी आठवीच्या बॅचची टेस्ट, पेपर त्यातच. हात थरथरत होते खरं सांगते, पण वही काढली. शिफ्ट दाबून ग्रब आणलं, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडला, आणि डेस्कटॉप आला! अपडेट मॅनेजर म्हणे डीपीकेजीचं (प्रोग्राम टाकणाऱ्या साधनाचं) काम मध्येच तुटलंय, हाताने पूर्ण करा. सुडो डीपीकेजी, मग दोन आडव्या रेघा जोडून कॉन्फिगर, मग एक रेघ अन् ए. सहा-सात मिनिटं ओळी सरकत राहिल्या, रीस्टार्ट केलं, नवीन कर्नलवर सुरू. टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट (सिस्टिमची आधी घेतलेली प्रत) होताच, पण त्याची गरज पडली नाही. बॅटरी त्याच आठवड्यात बदलली.

रोजच्या वापराचं म्हणाल तर ४ जीबीवर ब्राउझरचे सात-आठ टॅब उघडले की अडायचं, जानेवारीत ८ जीबी केलं आणि त्याच महिन्यात अपडेट मॅनेजरमधूनच २२.१ वर गेले, काहीही न बिघडता. २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. बाबा, म्हणजे सासरे, इनस्क्रिप्टवर टाइप करतात, त्यांच्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी लेआउट जोडला, वेगळं काही टाकावं लागलं नाही, त्यांना लिबरऑफिस दोन दिवसांत जमलं. त्यांची युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली जुनी पत्रं मात्र नीट दिसत नाहीत, ती मी एकेक करून पुन्हा टाइप करतेय. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरशी खूप झटले, जमलं नाही, शेवटी पीडीएफ करून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट आणते. यासाठी एक स्टार कमी.

एप्रिलनंतर विंडोजमध्ये कोणी गेलंच नव्हतं. मागच्या रविवारी फोटो सगळे एसएसडीवर अन् एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले, जुन्या हार्डडिस्कची केबल काढली, टाइमडेटसीटीएलचा तो १ परत ० केला. बाबांनी डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख लिहून, कपाटात घराच्या कागदपत्रांशेजारी ठेवली आहे.